कोल्हापुरात डुबिया झुरळांची कॉलनी : किती ठेवायची, कशी टिकवायची

आठपायी (धागाकर्ता, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. टॅरॅन्टुला (मोठे केसाळ कोळी), विंचू, मॅन्टिस (प्रार्थना कीटक) पाळणारे आपल्या भागात आता बऱ्यापैकी झालेत. या जिवांना खाऊ म्हणून डुबिया जातीची झुरळं घालतात, त्यामुळे प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : "डुबिया कुठे मिळतील, किती घेऊ?" मग कुणी दोनशे मागवतं, कुणी पाचशे. घरात खाणारे जीव चार. वर्षभरात टब गच्च भरतो, वास सुटतो, माश्या होतात, घरचे वैतागतात आणि सगळी कॉलनी एका दिवसात कचऱ्यात जाते. हे अनेकांच्या बाबतीत झालेलं पाहिलंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी खाणारी तोंडं मोजा, मग माद्या मोजा. कॉलनी मोठी असण्यात काही मोठेपणा नाही, ती पुरेशी असली पाहिजे.

हिशेब कसा करायचा ते सांगतो. पूर्ण वाढलेल्या टॅरॅन्टुलाला दहा-पंधरा दिवसांतून एक मोठं झुरळ पुरतं. अगदी लहान पिल्लू असेल तर आठवड्यातून दोनदा बारीक झुरळ. समजा ८ मोठे आणि ६ लहान आहेत. मोठ्यांना महिन्याला साधारण २०, लहानांना ४५-५० बारीक, म्हणजे महिना ७० धरा. डुबियाची मादी चांगल्या उबेत दोन-सव्वादोन महिन्यांनी एका वेळी २० ते ३० पिल्लं देते, म्हणजे महिन्याला सरासरी १० ते १२. कागदावर ६-७ माद्या पुरतात. पण थंडीत त्या थांबतात, काही पिल्लं मरतात, काही मोठी होऊ द्यायची असतात. म्हणून दुप्पट धरून १२ ते १५ माद्या आणि ४ नर. एवढी कॉलनी एका मध्यम टबात आरामात राहते. ५०० झुरळांची गरज असणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

सुरुवात करताना सगळ्या मापाची झुरळं घ्या. नुसते मोठे घेतले तर त्यांचं वय कळत नाही, आणि म्हातारे नर दोन-तीन महिन्यांत संपतात. नर-मादी ओळखणं सोपं आहे : नराला पाठभर पंख, मादीला खांद्यावर नुसते खुंट. मोठं झुरळ साधारण ४ ते साडेचार सेंटिमीटर.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. पहिली पिढी पंखावर येईपर्यंत, म्हणजे ४ ते ६ महिने, कॉलनीतलं झुरळ खायला काढू नका. तोवर वेगळी विकत आणून घाला. त्यानंतरही माद्या कधी काढायच्या नाहीत. जादा नर आणि मधल्या मापाची पिल्लं काढायची.

घर : उंच, गुळगुळीत भिंतीचा प्लॅस्टिकचा टब. डुबियाला गुळगुळीत काच किंवा प्लॅस्टिक चढता येत नाही, पण भिंतीवर ओरखडे पडले किंवा खाण्याचा राप बसला की पिल्लं चढतात. आत पुठ्ठ्याचे ३० अंड्यांचे ट्रे उभे लावा, आडवे नको. उभे लावले की लेंड्या तळाशी पडतात आणि झुरळं कोरडी राहतात. ट्रे कोरे घ्या, अंड्याचे डाग पडलेले नको. तळाला माती, भुसा काही घालायचं नाही. साफ करताना सगळ्या लेंड्या काढू नका, थोड्या ठेवा. नवी पिल्लं त्या खातात आणि पचनाला लागणारे जिवाणू त्यांच्या पोटात जातात.

खाणं : गव्हाचा कोंडा, ज्वारीचा भरडा, थोडे ओट्स, आणि ओलाव्यासाठी गाजर, रताळं, दुधी भोपळा. प्रथिनं लागतात पण बेताने. कोरडं डॉग फूड बारीक करून चमचाभर, तेही रोज नको. झुरळाची खासियत अशी की प्रथिनांतला जास्तीचा नायट्रोजन ते युरिक आम्लाच्या रूपात चरबीत साठवतो आणि अंगातल्या एका जिवाणूच्या मदतीने गरज पडेल तेव्हा वापरतो. प्रथिनं फार झाली की हा साठा वाढत जातो, झुरळाचं आयुष्य कमी होतं, आणि ज्याला ते झुरळ घालाल त्याच्या पोटातही तेच जातं. फार कमी झाली तर एकमेकांचे पंख कुरतडायला लागतात. नरांचे पंख शाबूत आहेत का बघत राहा, कळतं.

एक गोष्ट नवीन माणसाला घाबरवते. मादीच्या शेपटाकडून पिवळसर, लांबट, शिवण घातल्यासारखी अंड्यांची पिशवी बाहेर येते. वाटतं, गर्भ पडला. नाही. ती पिशवी बाहेर काढते, आडवी फिरवते आणि पुन्हा पोटात ओढून घेते. अंडी आतच उबतात आणि जिवंत पिल्लं जन्मतात. जन्मलेलं पिल्लू पांढरं, मऊ असतं आणि काही तासांत तपकिरी होतं. या काळात टब हलवू नका, ट्रे उचलून बघू नका. पिशवी खाली टाकून दिलेली दिसली, तर मात्र मादीला कसलातरी त्रास होतोय : फार कोरडं, फार थंड, किंवा सारखी उचकापाचक.

प्रश्न विचारा. जे माहीत आहे ते सांगेन.

रंकाळ्याचा_वारा

लई भारी धागा, भावा. वाचनखूण साठवली. पण एक पटलं नाही. थंडीत माद्या थांबतात म्हणालास, मग हीटर लाव म्हणून का लिहिलं नाहीस? डुबियाला २८ ते ३२ अंश लागतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री १५-१६ पर्यंत उतरतं. तीन-चार महिने उत्पादन बंद म्हणजे कॉलनी कसली?

आठपायी

मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर देतो. हीटरची गरज तुमच्या हिशेबावर ठरते, झुरळावर नाही.

आपल्याकडचं वर्ष बघा. मार्च ते मे दुपारी ३५ च्या वर. काही न करता डुबिया जोरात वाढतात. जूनपासून पाऊस, तापमान २२ ते २८ च्या आसपास, वाढ मध्यम. ऑक्टोबरात पुन्हा ऊब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री थंड, दिवसा बरं. २० च्या खाली पिल्लं होणं थांबतं, पण झुरळं मरत नाहीत, नुसती मंदावतात. आणि त्याच काळात आपले टॅरॅन्टुलाही कमी खातात. मी कॉलनी मेमध्ये भरू देतो, ऑक्टोबरात पुन्हा भरू देतो, आणि त्यावर थंडी निघते. वीजबिल नाही, आग लागण्याची भीती नाही, रात्रीत लाईट गेली म्हणून धावपळ नाही.

उष्णता म्हणजे उत्पादनाचा नळ आहे. जास्त झुरळं हवीत तर सोडा, नको तर बंद करा. ज्यांच्याकडे ३०-४० जीव आहेत किंवा जे पिल्लं वाढवतात त्यांना हीटर लागणारच. चार टॅरॅन्टुलावाल्याने हीटर लावला तर सहा महिन्यांत तो इथे येऊन "फुकट डुबिया, कुणीतरी घेऊन जा" असं लिहिणार.

रंकाळ्याचा_वारा

माझ्याकडं २० च्या वर मॅन्टिसची पिल्लं असतात, त्यामुळं मी हीटरवालाच. पण चार जीववाल्यासाठी तुझं बरोबर हाय. मान्य.

उद्यमनगरवाला

हीटर लावणाऱ्यांसाठी : टबाच्या खाली लावू नका, एका बाजूच्या भिंतीला बाहेरून लावा. खाली लावला की लेंड्या तापतात, ओलावा वर येतो आणि तळाला बुरशी धरते. बाजूला लावला की आत एक गरम आणि एक गार टोक मिळतं, झुरळ आपलं आपण ठरवतं. थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही तापवणारं उपकरण लावू नका, झोपायच्या खोलीत तर नाहीच. एसटीसी-१००० हा कंट्रोलर अंडी उबवायच्या पेट्यांना लावतात तोच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सेन्सर टबाच्या आत, ट्रेच्या मधल्या उंचीला. बाहेर लटकवला तर खोलीचं तापमान मोजत बसेल.

झाकणाला मोठी चौकट कापा आणि स्टीलची बारीक जाळी बसवा. नायलॉनची मच्छरदाणी झुरळं कुरतडतात. उद्यमनगरात जाळीचे तुकडे वजनावर मिळतात, नवीन रोल घ्यायची गरज नाही. जाळीची कड गरम गोंदाने चिकटवली तरी वरून चार स्क्रू मारा, उन्हाळ्यात गोंद सुटतो.

पेठेतली_ताई

धागा उपयोगी आहे. माझे तीन प्रश्न. आमच्या जुन्या वाड्यात मुंग्या फार, टबाकडे रांगा लागतात. खडू मारला तर चालेल का? दुसरं, संध्याकाळी डासांचं लिक्विड लावावंच लागतं, बाळ आहे घरात. तिसरं, गूळ घातला तर झुरळं आवडीने खातात म्हणे, आपल्याकडे गुळाला तोटा नाही.

आठपायी

ताई, खडू अजिबात नको. मुंग्यांच्या खडूत पायरेथ्रॉइड वर्गातलं कीटकनाशक असतं, मुंगी आणि झुरळ त्याला सारखेच. तुमच्या कोळ्यालाही ते तितकंच घातक. पूर्वी दुधा-तुपाच्या फडताळाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तेच करा. टब चार पायांच्या स्टुलावर किंवा रॅकवर, प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, वाटीत दोन थेंब भांड्याचा साबण. स्टूल भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर मुंग्या भिंतीवरून येतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्यातच डास होतील.

डासांचं लिक्विड आणि कॉइल दोन्हींत ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन असली औषधं असतात, तीही पायरेथ्रॉइडच. बाळासाठी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा चांगला उपाय आहे, मशीनच लावायचं असेल तर झुरळं आणि कोळी वेगळ्या खोलीत, दार बंद. महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून घ्या आणि टब आतल्या खोलीत न्या. झुरळांसाठी जेल लावलेल्या घरात फीडर (खाऊ म्हणून वाढवलेल्या झुरळांची) कॉलनी ठेवणं धोक्याचंच, कारण जेल खाल्लेलं एखादं घरचं झुरळ टबाशी आलं तरी विष आत पोचू शकतं.

गूळ : खातात, आवडीने खातात. पण गूळ चिकट, पावसाळ्यात पाणी सुटतं, पिल्लांचे पाय अडकतात आणि मुंग्यांना आमंत्रण. वाढीला त्याची गरज नाही. गोड द्यायचं तर पपईची फोड सकाळी ठेवा आणि संध्याकाळी काढा.

पेठेतली_ताई

वाट्यांची युक्ती आजीकडे पाहिलीय, डोक्यात आलीच नाही. धन्यवाद दादा.

गडहिंग्लजकर

डुबिया विकत घ्यायचीच कशाला? घरातली झुरळं फुकट आहेत की. शिवाय आमच्या परसात कोंबड्या हायती, जादा झाली तर त्यांना घालता येतील.

आठपायी

घरातलं मोठं लालसर झुरळ, पेरिप्लानेटा अमेरिकाना, फीडर म्हणून नको. कारण १ : ते कुठून आलंय आणि काय खाऊन आलंय माहीत नाही. फवारणीत न मेलेलं झुरळ अंगात विष घेऊन फिरत असतं. कारण २ : गटारातून येतं, साल्मोनेलासारखे जिवाणू अंगावर वाहतं. कारण ३ : ते काच सरळ चढतं, अंड्यांच्या पिशव्या कुठेही चिकटवतं आणि पळालं तर घरातच वसतं.

कोंबड्यांबद्दल वेगळी सूचना. बागेतल्या कुंडीत, खतात राहणारं सुरिनाम झुरळ कोंबड्यांच्या डोळ्यातल्या एका जंताचं वाहक आहे. त्यामुळे बागेतली झुरळं गोळा करून कोंबड्यांना घालायची सवय लावू नका. स्वतः वाढवलेले डुबिया घातले तर तो प्रश्न नाही, पण आधी मारून घाला. जिवंत टाकलं आणि कोंबडीने चुकवलं तर ते खतात जाऊन बसेल.

गडहिंग्लजकर

मग लाल धावणारी, रेड रनर, ती कशी? लवकर वाढतात असं ऐकलंय, स्वस्तही पडतात.

रंकाळ्याचा_वारा

मॅन्टिससाठी ती उत्तम हायत, कारण पळतात आणि मॅन्टिसला हालचाल लागते. डुबिया कोळ्याच्या डब्यात पडल्या पडल्या मातीत घुसतं आणि गप बसतं. पण मी लाल ठेवत नाही. ती अंड्यांच्या पिशव्या खाली टाकतात, त्या लेंड्यांसोबत कचऱ्यात जातात आणि बाहेर फुटतात. अमेरिकेत १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत ती पहिल्यांदा दिसली, आता तिथल्या नैऋत्य भागात तिनं आधीच्या काळ्या झुरळाला हटवून जागा घेतलीय. आपल्याकडचं हवामान तिला मानवेल अशी मला भीती वाटते.

आठपायी

+१. याच कारणासाठी डुबियाच्या लेंड्यासुद्धा थेट झाडांना घालू नका. पिशवीत बांधून दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, त्यात राहिलेली बारीक पिल्लं मरतात. मग गुलाबाला घाला, खत म्हणून चांगल्या आहेत. झुरळ बागेत सोडायचं नाही, कुठल्याही कारणाने नाही. डुबिया दक्षिण अमेरिकेतलं आहे, आपलं नाही.

वारणाकाठ

माझ्या टबात बारीक माश्या झाल्यात. फळमाशी असेल असं समजून सोडून दिलं होतं. पावसाळा सुरू झाल्यापासून वाढल्यात. कोळ्याला धोका आहे का?

आठपायी

आधी नीट बघा. फळमाशीचे डोळे लाल असतात आणि ती फळाभोवती संथ घिरट्या घालते. फोरिड माशी कुबडी असते, आणि उडण्यापेक्षा भिंतीवरून झटक्याझटक्याने पळते. तुम्ही हात नेला की उडायच्या ऐवजी धावते का? तर ती फोरिड. ती मेलेल्या, ओल्या किड्यांवर अंडी घालते, आणि अशक्त किंवा कात टाकणाऱ्या कोळ्यापर्यंतही पोचते. धोका आहे, दुर्लक्ष करू नका.

औषध मारता येत नाही, त्यामुळे उपाय एकच, कोरडं करणं. सगळे ट्रे झटकून नवीन टबात हलवा. मेलेली झुरळं रोज वेचा. ओलं खाणं सकाळी ठेवून संध्याकाळी काढा, एकही तुकडा रात्री राहता कामा नये. पाण्याचे जेलचे दाणे पावसाळ्यात बंद, गाजराचा ओलावा पुरतो. जाळी इतकी बारीक हवी की माशी शिरणार नाही. त्यांचं एक जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांत होतं, तेवढे दिवस शिस्तीने केलं की बहुतेक वेळा संपतात. कोळ्याच्या डब्यातले उष्टे तुकडेही दुसऱ्या दिवशी उचला.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू म्हणजे धान्यातले पांढरे माइट. कोंड्याच्या ढिगावर पिठासारखी हलणारी धूळ दिसली तर तेच. कोंडा लक्ष्मीपुरीतून आणा की गिरणीतून, वापरण्याआधी चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग हवाबंद डब्यात. एका वेळी थोडाच घाला.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कॉलनी उपासाने कधी मरत नाही. ती ओलीने मरते.

परिचारिका_दसरा_चौक

मी रुग्णालयात काम करते, म्हणून एक विनंती. झुरळांच्या लेंड्या, कात आणि धूळ यांनी ॲलर्जी होते, दमाही वाढतो. सुरुवातीला काही होत नाही, पण वारंवार संपर्काने शरीर संवेदनशील होत जातं. टब साफ करताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, साफसफाई गच्चीत किंवा मोकळ्या हवेत करा, लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नका. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर सुरू झाली तर "सर्दी आहे" म्हणून ढकलू नका. घरात दम्याचं मूल असेल तर कॉलनी राहत्या घरात नकोच.

आठपायी

ताई, हे मूळ धाग्यातच असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. सगळ्यांनी वाचावं.

नवखा_विंचूवाला

मी पहिलाच टॅरॅन्टुला घेतलाय. संध्याकाळी झुरळ सोडलं, रात्रभर डब्यात राहिलं तर चालतं ना? कॅल्शियमची पूड लावू का?

रंकाळ्याचा_वारा

रात्रभर ठेवू नको भावा. कोळी कात टाकायच्या बेतात असला की खात नाही, आणि कात टाकून मऊ झालेल्या कोळ्याला झुरळ कुरतडू शकतं. पोट गडद, चकचकीत झालंय, जाळं जास्त विणलंय, तर झुरळ टाकूच नको. एरवीही चिमट्यानं डोकं दाबून दे, म्हणजे मातीत घुसणार नाही. झुरळ कोळ्याच्या पोटाच्या आकारापेक्षा मोठं नको. कॅल्शियम पालींना, कासवांना. कोळ्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं, त्याला पूड लागत नाही.

नवखा_विंचूवाला

समजलं. आणि कायद्याचं काय? नोंदणी लागते म्हणतात.

आठपायी

झुरळासाठी नाही, पण कोळ्यासाठी लागू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटिस (वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्रजाती आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. मेक्सिकन लाल गुडघ्याचा टॅरॅन्टुला (ब्राखिपेल्मा) आणि एम्परर विंचू त्या यादीत येतात. आपल्या देशातला झाडावर राहणारा टॅरॅन्टुला, पोएसिलोथेरिया, २०१९ पासून सायटिसमध्ये आहे. विकणाऱ्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि यादीत तपासा. राधानगरी, आंबोलीच्या जंगलातून कोळी उचलून आणायचा विचारही करू नका.

दुधाळीकर

आमचा भाग २०१९ ला आणि २०२१ ला पुराच्या पाण्यात होता. घर सोडावं लागलं तर कॉलनीचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायचंय.

आठपायी

पाणी वाढायच्या बातम्या आल्या की सगळ्यात वरच्या मजल्यावर न्या. सोबत नेता येणार नसेल तर टबात कोंडा घाला आणि गाजराचे मोठे तुकडे ठेवा. झुरळं खाण्याशिवाय आठवडाभर सहज काढतात, पाण्याशिवाय नाही. बारीक पिल्लं मात्र कोरडेपणाने लवकर जातात. पण एक पर्याय त्याहून चांगला आहे : तुमच्या कॉलनीतल्या ४-५ माद्या आणि एक नर आधीच दुसऱ्या भागातल्या कुणाकडे ठेवा, त्यांच्या तुमच्याकडे. एकाची गेली तरी दुसऱ्याकडे बियाणं राहतं. असंही दर दोन वर्षांनी नर अदलाबदल केलेले बरे, रक्त नवीन येतं. नवीन आलेले महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून मगच मिसळायचे, माइट किंवा माशी आली असेल तर तिथेच कळते.

उद्यमनगरवाला

मी तयार आहे, आमचा भाग उंचावर आहे. दुधाळीकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नर माझ्याकडे जादा झालेत, माद्या तुम्ही आणा.

दुधाळीकर

व्यनि केलाय. माझ्याकडे १८ माद्या आहेत, त्यातल्या ५ देतो. डबा कुठला आणू, झाकणाला जाळी असलेला चालेल ना?

उद्यमनगरवाला

चालेल. आत अर्धा ट्रे उभा लावून आणा, म्हणजे गाडीवर हिंदकळणार नाहीत.